नोटीस निघाल्यानंतर

एखाद्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस सभासदांच्या हाती पडली, तारीख, स्थळ व विषयपत्रिका सर्वांस ठाऊक झाली, आणि त्यानंतर कार्यकारी मंडळास ती सभा त्या दिवशी भरवणे अशक्य वा गैरसोयीचे वाटू लागले, तर ती पुढे ढकलण्याचा अखत्यार कोणाचा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासला तरी सार्वजनिक संस्थांतील कितीतरी तंटे येथूनच सुरू होतात. श्रीवर्धनसारख्या गावी त्याचे गांभीर्य अधिक आहे. येथील पुष्कळ कुटुंबांचा एक पाय सुपारीच्या वाडीत आणि दुसरा मुंबईत असतो. देवस्थानाच्या किंवा ज्ञातिमंडळाच्या सभेसाठी रजा काढून, रात्रीच्या एसटीने माणगाव-म्हसळ्यावरून आलेल्या सभासदास बंद दारावर ‘सभा पुढे ढकलली आहे’ एवढीच चिठ्ठी दिसावी, यात त्याचा प्रवासखर्च तर वाया जातोच, पण मत देण्याचा त्याचा हक्कही बुडतो.

नोटीस काढणे हे काम चिटणीसाचे खरे; परंतु ती रीतसर बजावली गेली की सभा सभासदांची होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि कायद्याचा कलही तिकडेच आहे. इंग्लंडात पारिंगा माइन्स या कंपनीच्या संचालकांनी बोलावलेली सर्वसाधारण सभा त्यांनीच लांबणीवर टाकली, तेव्हा काही भागधारक मूळ दिवशी जमले व त्यांनी ठराव केले. नियमावलीत तसा स्पष्ट अधिकार दिलेला नसता संचालकांना सभा पुढे ढकलता येत नाही, असा निर्णय देऊन १९०६ साली न्यायालयाने ते ठराव वैध मानले. म्हणून घटनेत किंवा पोटनियमांत तरतूद नसेल, तर ठरल्या वेळी सभा भरवावी, अध्यक्षांनी अडचण निवेदन करावी आणि उपस्थितांच्या संमतीने सभा तहकूब करून पुढील तारीख तेथेच जाहीर करावी, हा निर्वेध मार्ग होय. तहकूब सभा ही मूळ सभेचाच उत्तरार्ध असल्याने तिच्यात उरलेलेच कामकाज चालते. नवा विषय घुसडता येत नाही. गणपूर्ती न झाल्यास काय करावे, हे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितलेलेच आहे: अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब करावी, आणि नोटिशीत नमूद असल्यास त्याच दिवशी नंतरच्या वेळी, अन्यथा ७ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत ती पुन्हा भरवावी, त्या सभेस गणपूर्तीची अट राहत नाही.

स्थळ बदलणे हीदेखील याच जातीची अडचण होय, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १८८५च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. मार्चमध्येच तशी परिपत्रके गेली होती, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने पर्वतीनजीकच्या पेशव्यांच्या बागेत सिद्धता चालवली होती. (ज्या पेशव्यांची ती बाग, त्यांचे मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे.) इतक्यात पुण्यात पटकीचे रुग्ण आढळले आणि प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींना तेथे उतरवणे धोक्याचे ठरले. तेव्हा मुंबईच्या प्रेसिडेन्सी असोसिएशनने भार उचलला. गवालिया तलावाजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालय व वसतिगृह यांच्या व्यवस्थापकांनी वास्तू खुल्या करून दिल्या, आणि २८ डिसेंबर रोजी व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली ७२ प्रतिनिधींचे अधिवेशन सुरू झाले. या प्रसंगात मला विशेष मोलाचे वाटते ते हे, की पुणे नको म्हणतानाच मुंबईची जागा, निवास आणि भोजन यांची तजवीज झाली होती. अनिश्चित काळासाठी सभा लांबवण्यापेक्षा जागा पालटून ती पार पाडणे किती श्रेयस्कर!

आपत्ती इतका अवधी नेहमीच देते असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी भुईसपाट झाल्या, विजेचे खांब कोसळले, दूरध्वनी मुके झाले. आधीच टाळेबंदीने माणसांचे एकत्र जमणे बंद केले होते. सहकारी संस्थांची वार्षिक सभा एरवी ३० सप्टेंबरपर्यंत होणे आवश्यक असते. त्या वर्षी शासनाला कायद्यातच दुरुस्ती करून मुदत वाढवावी लागली, कारण कायद्याने घातलेली मर्यादा ओलांडण्याचा अधिकार कोणत्याही अध्यक्षास किंवा सभेस नसतो.

अशा वेळी बदलाची सूचना मूळ नोटीस ज्या वाटेने गेली त्याच वाटेने, आणि ती वाट बंद असल्यास माणूस पाठवून, प्रत्येकाकडे पोहोचवावी; तिच्यात कारण, नवी तारीख, स्थळ आणि ठरावाचा संदर्भ असावा. नवी सभाच बोलावली असेल, तर नोटिशीची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी; गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेचे १४ पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा व सभेचा, हे दोन्ही दिवस वगळून. आणि मूळ दिवशी मूळ जागी एका पदाधिकाऱ्याने बसून राहावे, येतील त्यांच्या सह्या घ्याव्यात, त्यांची हरकत असल्यास ती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी व पुढील सभेच्या इतिवृत्तास जोडावी.