कोंबडीला टोचा, माणूस वाचेल

नेर परसोपंतच्या आसपास परसात कोंबड्या पाळणाऱ्याला मानमोडी माहीत असते आणि तिच्यावरची लासोटा लसही. डोळ्यात, नाकात थेंब टाकला की झालं. बर्ड फ्लूची नेहमीची लस मात्र मानेच्या कातडीखाली टोचतात, आणि ती बनते कशी हे पाहिलं की डोकं चक्रावतं.

ती वाढते अंड्यातच. नऊ-अकरा दिवस उबवलेल्या अंड्यात विषाणू सोडायचा, तो आतल्या द्रवात अमाप झाला की रसायनानं मारायचा आणि तेलात घोटायचा. पण बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू इतका जहाल, की अंड्यातलं पिल्लूच आधी मरतं. विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन कापलं गेल्याशिवाय कुठल्याच फ्लूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य फ्लूसाठी लागणारी कात्री कोंबडीच्या श्वासनलिकेत आणि आतड्यातच असते. एच५एन१च्या प्रथिनात मात्र कापायच्या जागी मोजकी जादा अमिनो आम्लं असतात, ती कुठल्याही पेशीतल्या कात्रीला चालतात. मग मेंदूपासून काळजापर्यंत सगळंच जातं. शास्त्रज्ञ जनुकातला नेमका तेवढाच तुकडा छाटतात आणि तो जहाल विषाणू अंड्यात निमूट वाढतो!

एच५एन१ काही कोंबड्यांपुरता राहत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानंच दगावले. उलट चीननं सप्टेंबर २०१७ पासून कोंबड्यांना एच७एन९ या दुसऱ्या बर्ड फ्लूची लस टोचली, आणि त्या विषाणूनं आजारी पडणारी माणसं जवळजवळ दिसेनाशी झाली. माणसाच्या दंडाला सुईही न लावता!

आपल्याकडे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं एच९एन२ या आणखी एका बर्ड फ्लूची देशी लस तयार केली. तिचं तंत्र घेणाऱ्यांत पुण्याची कंपनीही आहे. एच९एन२ मुळात सौम्य, त्यामुळे छाटणीची गरज नाही. तो अंडी घटवतो, एवढंच वाटतं. पण एच७एन९च्या आठ जनुक-तुकड्यांपैकी सहा याच्याकडून आलेले. अशा उसनं देणाऱ्याला आवर घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

एच५एन१साठी मात्र २००६ च्या नवापूरमधल्या साथीपासून आपल्याकडे एकच रीत: पक्षी मारा, भरपाई द्या. कारण लस टोचलेली कोंबडी धडधाकट दिसूनही विषाणू पसरवू शकते. फ्रान्सनं ऑक्टोबर २०२३ मध्ये बदकांना लस द्यायला घेतली, तर याच भीतीनं अमेरिकेनं लगोलग तिथल्या कोंबडी-बदकांच्या आयातीवर बंधनं घातली.