खरेदीखतात न लिहिलेला झोपाळा

मालवण, आचरा, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात जुनं कौलारू घर विकायला निघालं की बोलणी होतात ती किमतीवर, हद्दीवर आणि वाटेवर. सातबारा तपासला जातो, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा काढला जातो, मोजणीचा नकाशा ओटीवर पसरला जातो. पडवीतल्या झोपाळ्याचा विषय मात्र कुणी काढत नाही. आजोबांचा झोपाळा आपण मुंबईला नेणार, हे विकणाऱ्याने मनात धरलेलं असतं. घेणारा घर पाहायला आला तेव्हा त्याच झोपाळ्यावर बसला होता आणि घर त्याला तिथंच आवडलं होतं. मग ताबा घेण्याच्या दिवशी तुळईला नुसत्या चार कड्या लोंबताना दिसल्या, की लाखोंच्या व्यवहारात न झालेलं भांडण एका फळीवरून होतं.

कायद्याने या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जुन्या काळी देऊन ठेवलं आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याचं ८ वं कलम सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घराबरोबर त्याची कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी बसवलेल्या इतर सर्व वस्तू घेणाऱ्याकडे जातात. कोकणातल्या जुन्या घराच्या दाराला आजही तो लाकडी अडसर असतो, त्यामुळे ही यादी इथं तरी पुराणी वाटत नाही. याच कायद्याचं ३ रं कलम जमिनीला ‘संलग्न’ म्हणजे काय ते सांगतं. झाडासारखं जमिनीत रुजलेलं, भिंतीसारखं जमिनीत रोवलेलं, आणि अशा रोवलेल्या वस्तूचा कायम उपभोग घेता यावा म्हणून तिला जोडलेलं, हे सगळं त्यात येतं.

हा नियम घेऊन घरभर फिरलं की बऱ्याच गोष्टी सुटतात. पाटा-वरवंटा आणि जातं उचलून नेता येतं, ते विकणाऱ्याचं. भात कांडायचं व्हायन जमिनीत पुरलेलं, ते घराचं. त्यातलं मुसळ भिंतीला टेकवलेलं असलं तरी विकणाऱ्याचंच म्हणावं लागेल. देव्हारा नेता येतो, भिंतीतला कोनाडा नाही. खळ्यातलं तुळशीवृंदावन राहतं. मोगरा कुंडीत असेल तर जातो, जमिनीत असेल तर राहतो.

खरी अडचण न्हाणीघरात येते. तिथल्या चुलीवर पाणी तापवायचा तांब्याचा मोठा हंडा मातीने लिंपून पक्का बसवलेला असतो. तो बाहेरून काजळीने काळा झालेला असतो, आतून घासून लख्ख असतो आणि गळ्यापर्यंत चुलीत गेलेला असतो. तांब्याला भाव असल्यामुळे घर रिकामं करताना बहुधा त्याच्यावर पहिली नजर जाते. पण तो काढायचा तर चूल फोडावी लागते. वस्तू काढताना घराची मोडतोड होत असेल आणि ती घराच्याच सोयीसाठी कायमची बसवलेली असेल, तर ती घराची, असाच या कायद्याचा रोख आहे. हंडा राहायला हवा.

वस्तू किती घट्ट बसवली आहे एवढंच मात्र पाहून चालत नाही. ‘हॉलंड विरुद्ध हॉजसन’ या १८७२ सालच्या इंग्लंडमधल्या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी दिलेली दोन उदाहरणं मालवणच्या माणसाला ऐकताक्षणी पटतील. एकावर एक रचलेल्या दगडांचा, चुन्याशिवायचा गडगा हा जमिनीचा भाग होतो. तेच दगड बांधकामवाल्याच्या आवारात रचून ठेवले असतील तर ती जंगम मालमत्ता. उलट मोठ्या जहाजाचा नांगर जमिनीत कितीही खोल रुतला, तरी तो जमिनीचा झाला असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न हेतूचा आहे. म्हणून कुंपणाचा गडगा घेणाऱ्याला मिळतो, तर मांगराच्या बाजूला रचून ठेवलेले चिरे विकणारा नेऊ शकतो. होडी, जाळी आणि नांगर यांचा घराशी संबंध नाही.

झोपाळ्याचा निवाडा याच कसोटीवर करायचा. कड्या तुळईत ठोकलेल्या आहेत, त्या घराच्या. फळी आणि साखळ्या पाच मिनिटांत निघतात, पण झोपाळा पडवीसाठीच केलेला असतो. दोन्ही बाजूंनी बोलता येतं, म्हणूनच तो कागदावर यायला हवा.

सिंधुदुर्गात घर बहुतेकदा एकटं विकलं जात नाही. भोवती माड, फणस, कलमं असतात. रुजलेलं झाड स्थावर. मात्र कापायला आलेलं इमारती लाकडाचं झाड आणि उभं पीक यांना कायद्याने स्थावरातून वगळलं आहे. ‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’ या १९५८ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हा फरक फोडून सांगितला. लवकरच तोडून लाकूड वापरायचं असेल तर ते झाड इमारती लाकूड. जमिनीतून पोसलं जात राहून फळ देणार असेल तर ते स्थावरच. म्हणजे हापूसचं कलम घेणाऱ्याचं. तोडून आडवा पाडलेला सागाचा ओंडका विकणाऱ्याचा.

झाडावरच्या फळांचं काय? ५५ व्या कलमानुसार मालकी हस्तांतरित होईपर्यंतचं उत्पन्न विकणाऱ्याचं, त्यानंतरचं घेणाऱ्याचं. पण साठेखत झाल्यापासून ताबा देईपर्यंत मालमत्तेची काळजी शहाण्या मालकाप्रमाणे घेणं, हेही विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्या मधल्या महिन्यांत माडावरचे नारळ पाडणं चालेल, फणस तोडून फळ्या कापणं चालणार नाही. कलमं आधीच कुणाला खंडाने दिली असतील तर तेही घेणाऱ्याला आधी सांगायला हवं, नाहीतर पहिल्याच मोसमात आंबे उतरवायला दारात तिसराच माणूस उभा राहतो.

विहीर जमिनीबरोबर जाते, आणि भाऊबंदांची सामाईक असेल तर तिच्यातला हिस्सा व पाणी भरायला जायची वहिवाटही जाते. पंपावरून मात्र हमखास वाद होतो. पाइपलाइनला जोडलेला, घराला रोज पाणी देणारा पंप ‘कायम वापरासाठी’ या शब्दांत बसतो. तरीही नटबोल्ट सोडून तो नेणारे आहेत.

माणसं घरातून काय उचलतात हे आचऱ्यात दर काही वर्षांनी दिसतं. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री सारा गाव गुरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. जे हलवता येतं ते माणसांबरोबर जातं. घर, विहीर आणि झाडं मागे राहतात. विक्रीतही कुटुंबाचे देव कुटुंबाबरोबर जातात. जागेचं रक्षण करणारा देव, म्हणजे राखणदार, मात्र जागेवरच राहतो, आणि त्याची वार्षिक राखण नव्या मालकाने द्यावी अशी गावाची अपेक्षा असते. कायद्याच्या कुठल्याही कलमात हे नाही, पण घर घेणाऱ्याने शेजाऱ्यांना ते विचारलेलं बरं.

नव्या वस्तूंचे नियम वेगळे आहेत. गॅस सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो आणि जोडणी व्यक्तीच्या नावावर, त्यामुळे तो घराबरोबर विकता येत नाही. वीजमीटर राहतो, महावितरणकडे नाव बदलून घ्यायचं. छतावर सौरपॅनेल असतील तर नेट मीटर त्याच वीजजोडणीला बांधलेला असतो, म्हणून पॅनेल कुणाचे हे आधीच ठरवावं. तारकर्ली-देवबागला घर भाड्याने घेऊन पर्यटकांना खोल्या देणाऱ्याने बसवलेले एसी वेगळे. काही वेगळं ठरलेलं नसेल तर १०८ व्या कलमाप्रमाणे भाडेकरू ताबा असेपर्यंत ते काढून नेऊ शकतो, जागा घेतली तशी परत करण्याच्या अटीवर. असं घर विकत घेताना एसी मोजून किंमत लावू नये.

देशोदेशीचे रिवाजही निराळे. जर्मनीत भाडेकरू घर सोडताना पुष्कळदा अख्खं स्वयंपाकघर, कपाटं आणि सिंकसकट, उचलून नेतो. इंग्लंडमध्ये घर विकणारा एक छापील फॉर्म भरतो. पडद्याच्या दांडीपासून बागेतल्या शेडपर्यंत काय राहणार, काय जाणार, ते त्यात खोलीवार लिहिलेलं असतं. आपल्याकडे ही पद्धत ताबडतोब उचलण्यासारखी आहे.

ती यादी साठेखतालाच परिशिष्ट म्हणून जोडावी. चावी हातात घेताना यादी करू नये. तेव्हा पैसे दिलेले असतात आणि टेम्पो दारात उभा असतो. झोपाळा, न्हाणीतला हंडा, पंप, पाण्याची टाकी, पंखे, इन्व्हर्टर, कोरीव दरवाजा, रचलेले चिरे, कापलेलं लाकूड असं एकेक नाव लिहून समोर ‘राहणार’ किंवा ‘नेणार’ लिहावं, मोबाइलवर फोटो काढावेत, दोघांनी सह्या कराव्यात. जुन्या दस्तांची थप्पीही त्यात असावी. पूर्ण रक्कम दिल्यावर विकणाऱ्याकडचे मालकीचे कागद मिळण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. ते ज्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत ती ट्रंक विकणाऱ्याने खुशाल न्यावी.