नवा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद पडतो, तेव्हा



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला आहे. सुटे भाग आणून जुळवलेला नवा कोरा कॉम्प्युटर दोन-चार दिवस नीट चालतो आणि मग अधूनमधून बंद पडायला लागतो. कधी निळा पडदा येतो, कधी आपोआप रीस्टार्ट होतो, कधी जागच्या जागी गोठतो. दुकानदार म्हणतो विंडोज बिघडलं असेल. भाचा म्हणतो व्हायरस आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो व्होल्टेज. खरं काय ते घरबसल्या कसं शोधायचं, हे आज पाहू.

मी कॉम्प्युटर इंजिनियर नाही, हे आधीच सांगतो. बी.एस्सी. झालो, फौजेत गेलो, पायदळात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर चेन्नईत राहिलो. पण फौजेत प्रत्येक गाडीचं लॉगबुक असतं. गाडी कधी निघाली, किती चालली, काय बिघडलं, कोणी काय बदललं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरचा दोष शोधायला मला विद्येपेक्षा ही सवय जास्त उपयोगी पडली.

उदाहरणासाठी आमच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांचं मशीन घेतो. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, घराणं मूळचं तंजावरचं. तंजावरला १८५५ पर्यंत मराठ्यांची गादी होती, आणि तिकडून आलेल्या काही मराठी घरांत अजून मोडी कागद सापडतात. यांच्याकडेही एक पेटी भरून होते. हिशेब, पत्रं, जमिनीचे कागद. घडीच्या रेघेवर कागद तुटायला लागले होते. एकदा उलगडला की पुन्हा उलगडेल याची खात्री नाही. म्हणून त्यांनी सगळं स्कॅन करायचं ठरवलं आणि त्यासाठी रिची स्ट्रीटवरून भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवून घेतला. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, दिल्लीकरांना नेहरू प्लेस, बंगळुरूकरांना एस. पी. रोड, तशी आमच्याकडे माउंट रोडला लागून असलेली ही रिची स्ट्रीट.

तिसऱ्या दिवशी मशीन पहिल्यांदा बंद पडलं. मग रोजच. शेजारी ते पुन्हा सुरू करत आणि पुढचं पान स्कॅनरवर ठेवत. असे तीन आठवडे गेले. मग त्यांनी मला हाक मारली.

आधी वही

मी पहिल्या दिवशी काहीच उघडलं नाही. त्यांना एक वही दिली. बंद पडलं की चार गोष्टी लिहायच्या: तारीख आणि वेळ, तेव्हा काय चालू होतं, पडद्यावर काय दिसलं, आणि त्याच वेळी घरात काही घडलं का, म्हणजे एसी सुरू झाला, पाण्याची मोटर लागली, वीज गेली. आठवड्यात नऊ नोंदी झाल्या.

एवढ्यानंच निम्मी वाट सापडते, कारण बंद पडणं तीन प्रकारचं असतं. निळा पडदा येऊन खाली संकेत लिहिलेला दिसतो, तो पहिला प्रकार. नव्या विंडोज अकरामध्ये हा पडदा आता काळा केला आहे, पण संकेत तसाच असतो. प्लग उपटावा तसं क्षणात सगळं बंद होतं, तो दुसरा. चित्र तसंच राहून माउससुद्धा हलत नाही, तो तिसरा. दुसऱ्या प्रकारात संशय आधी वीज आणि पॉवर सप्लायवर जातो. पहिल्यात मेमरी, ड्रायव्हर किंवा प्रोसेसरवर. तिसऱ्यात यातलं काहीही असू शकतं.

विंडोजही स्वतःची वही ठेवतं. स्टार्ट मेनूत रिलायबिलिटी असं टाइप केलं की दिवसवार तक्ता दिसतो. अधिक तपशील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतो. तिथे ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद दिसली की पुष्कळ लोक लगेच नवा पॉवर सप्लाय आणतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही. याउलट ‘व्हिया लॉगर’ या नावानं नोंद असेल तर ती गंभीर समजा, कारण ती हार्डवेअरनंच केलेली तक्रार असते.

शेजाऱ्यांच्या नऊ नोंदींपैकी सात निळ्या पडद्याच्या होत्या आणि संकेत पाच वेगवेगळे. हे महत्त्वाचं आहे. दर वेळी तोच संकेत आणि त्याखाली तीच फाइल दिसत असेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. १९ जुलै २०२४ आठवा. एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पडली, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथे दोष एकाच ठिकाणी होता, म्हणून उत्तरही एकच निघालं. पण दर वेळी वेगळा संकेत, वेगळा प्रोग्राम असं असेल, तर पायाच हलतो आहे असं समजावं. म्हणजे मेमरी, प्रोसेसर किंवा वीज.

उन्हाळा आणि वीज

चेन्नईत कोणतंही यंत्र बिघडलं की पहिला आरोप उन्हावर होतो, आणि मे महिन्यातल्या कत्तिरी वेयिलमध्ये, म्हणजे इथल्या अग्निनक्षत्राच्या उन्हात, तो पटतोही. हिशेब मात्र साधा आहे. प्रोसेसर खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक अंश चढतो. तो ६० अंश चढत असेल, तर २४ अंशांच्या एसी खोलीत ८४ होतो आणि ३५ अंशांच्या खोलीत ९५. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास आजचे प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतात. लगेच कोसळत नाहीत. म्हणून गरम झालेलं मशीन आधी मंदावतं. एचडब्ल्यू इन्फोसारख्या मोफत प्रोग्रामनं तापमान वाचा आणि वहीत लिहा. आकडा सुरू केल्या केल्या शंभराकडे धावत असेल, तर कूलरच्या तळाचं प्लॅस्टिकचं आवरण काढलंय का आणि स्क्रू चारही बाजूंनी सारखे बसलेत का, ते पाहा. शेजाऱ्यांचा आकडा ७२ च्या वर गेला नाही. ऊन सुटलं.

विजेसाठी वहीतला चौथा रकाना कामाला येतो. पॉवर सप्लाय वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. मोटर सुरू होताना दिवे मिचकत असतील आणि त्याच क्षणी मशीन जात असेल, तर वायरिंग बघा. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांची गल्लत होते. ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटच देतो. त्यावर मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन आणि प्रिंटर टाकला, तर वीज जाताच तोही मान टाकतो. आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आत घातक दाब राहतो. शेजाऱ्यांच्या नोंदीत मोटर, एसी, वीज यांचा मेळ कुठेच बसला नाही. शिवाय निळा पडदा दिसायला वीज चालूच असावी लागते.

मेमरीची परीक्षा

उरली मेमरी. त्यांनी १६ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या होत्या, खोक्यावर ६००० हा वेग छापलेला. तो आकडा कसा येतो ते समजून घ्या. अशा पट्टीचा साधा, प्रमाणित वेग अनेकदा ४८०० असतो. ६००० मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. ते म्हणजे मेमरीला ठरलेल्यापेक्षा वेगानं पळवणं. सगळ्या मशिनांना ते झेपेलच असं नाही.

आम्ही ते प्रोफाइल बंद केलं. बाकी कशालाही हात लावला नाही, कारण एका वेळी एकच बदल हा नियम. दोन बदल केले आणि मशीन सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळत नाही. पुढच्या आठवड्यात नऊच्या जागी दोनच नोंदी झाल्या. शेजारी खूश झाले, म्हणाले झालं काम. इथेच पुष्कळ जण थांबतात. पण नव्या मशीनचा योग्य आकडा शून्य आहे. दोष कमी होणं म्हणजे दोष जाणं नव्हे.

मग मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेतला. तो विंडोजच्या आधीच सुरू होतो आणि मेमरीच्या प्रत्येक घरात नमुने लिहून परत वाचतो. रात्रभर चालवला. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. इथे काठावर पास नसतं. एक चूक दिसली तरी नापास.

पण नापास कोण? पट्टी, की ती बसते तो स्लॉट? मशीन बंद करून प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज सोडली, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली, आणि एकेक पट्टी तपासली. पहिली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये: चूक नाही. दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये: चुका. मग पहिली पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये: चूक नाही. दुसरी चौथ्यात: पुन्हा चुका. दोष पट्टीबरोबर फिरला, स्लॉटबरोबर नाही. चार रात्री लागल्या, पण आता अंदाजाला जागा उरली नाही. एक सूचना: डीडीआर५ च्या पट्ट्या हलवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. मशीन तेव्हा मेमरीशी जुळवून घेत असतं. घाईनं बंद करू नका.

दोन्ही पट्ट्या सगळीकडे पास झाल्या असत्या, तर पुढचा संशय प्रोसेसरवर. पूर्वी लोक म्हणत, प्रोसेसर कधी बिघडत नाही. २०२४ मध्ये इंटेलनं स्वतः मान्य केलं की तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, त्यातून ते कायमचे अस्थिर होऊ शकत होते. कंपनीनं दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो. तुमचं मशीन त्या पिढीचं असेल, तर बायोस अद्ययावत आहे ना, ते पाहा. पण मेमरी शंकास्पद असताना बायोस अपडेट करू नका. मध्येच मशीन पडलं, तर मदरबोर्डच हातचा जाईल.

बंद पडण्यापेक्षा वाईट

आता मुख्य गोष्ट. खराब मेमरीनं मशीन बंद पडतं, ते निदान दिसतं. पण मशीन बंद न पडता एखादा आकडा गुपचूप बदलला, तर कळत नाही. स्कॅन केलेलं पान आधी मेमरीत येतं, मग डिस्कवर लिहिलं जातं. मेमरीत बिघडलेलं पान डिस्क इमानदारीनं तसंच लिहून ठेवते. गूगलच्या सर्व्हरवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांवर निदान एक चूक नोंदली गेली होती. सर्व्हरच्या मेमरीत अशा चुका पकडून सुधारायची सोय असते. घरच्या मशीनमध्ये सहसा नसते.

म्हणून आम्ही त्या तीन आठवड्यांतली ६१२ पानं दुसऱ्या लॅपटॉपवर एकेक उघडून पाहिली. वहिनी आणि शेजारी आळीपाळीनं बसले. अकरा पानं खराब निघाली. काही उघडेनात, काहींचा खालचा अर्धा भाग रंगीत पट्ट्यांनी भरलेला. सात पुन्हा स्कॅन झाली. चार कागद पहिल्या वेळीच घडीवर तुटून चुरा झाले होते. ती चार पत्रं आता कुठेच नाहीत.

यातून घ्यायचं ते असं. नव्या मशीनवर पहिल्या दिवशी मेमटेस्ट रात्रभर चालवा, आणि ते पास होईपर्यंत त्यावर अशी कोणतीही वस्तू सोपवू नका जी पुन्हा मिळणार नाही. लग्नाचे फोटो, आईचा रेकॉर्ड केलेला आवाज, जुने कागद, सगळं त्यात आलं. आणि मशीन एकदा जरी निळं झालं, तरी महत्त्वाचं काम तिथेच थांबवा.

दुकानात काय न्यायचं

“कधी कधी बंद पडतं” असं काउंटरवर सांगितलं, तर तिथे दहा मिनिटं मशीन नीटच चालतं आणि तुम्ही खोटे ठरता. आम्ही नेलं ते असं: सीरियल नंबर असलेलं जीएसटी बिल, चार रात्रींच्या निकालाचा एका पानाचा तक्ता, आणि लाल ओळींचे तारखेसह फोटो. कोणी वाद घातला नाही. पट्ट्या जोडीनं विकलेल्या होत्या म्हणून दोन्ही परत द्याव्या लागल्या. बारा दिवसांनी नवी जोडी आली. तीही आधी रात्रभर तपासली, मगच पेटीतला पुढचा कागद बाहेर काढला. त्यानंतर वहीत नोंद झालेली नाही.

योग्य पुरावा देऊनही कोणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. सुट्या भागांच्या मशीनला एकच वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. त्यामुळे कोणता भाग दोषी, हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

क्रम पुन्हा सांगतो, लिहून घ्या. नोंद ठेवा. बंद पडण्याचा प्रकार ओळखा. तापमान वाचा. वीज आणि अर्थिंग तपासा. मेमरीचं प्रोफाइल बंद करा. मेमटेस्ट रात्रभर चालवा. एकेक पट्टी, एकेक स्लॉट. मग ड्रायव्हर, बायोस, प्रोसेसर. एका वेळी एकच बदल.

पुढच्या भागात बॅकअपविषयी बोलू: किती प्रती ठेवायच्या, कुठे ठेवायच्या, आणि प्रत खरोखर शाबूत आहे हे कसं तपासायचं. तोवर तुमची वही सुरू करा. नमस्कार.