आरोग्याची समता ताटापासून

तानसेकाठच्या अकलोलीस उष्ण कुंडांत स्नानासाठी दुरून लोक येतात. तथापि आरोग्याचा खरा झरा परसात व ताटात आहे. भातलावणीत राबणारी स्त्री पुष्कळ कष्टते, परंतु सर्वांमागून उरलेसुरले जेवते. रक्तक्षयाचे हे एक कारण होय. याउलट बैठ्या व्यवसायातील माणसास अन्न मिळते, श्रम घडत नाहीत. त्याने आठवड्यास निदान १५० मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० सालचे मार्गदर्शन आहे.

भातानंतर खाचरातील ओलीवर वाल घ्यावा. मोरीच्या सांडपाण्यावर शेवगा व पपई लावावी. शेवग्याच्या भाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोह अंगी अधिक लागते. ग्रामकार्यकर्त्यांनी प्रत्येक घरी एवढे अवश्य विचारावे: घरची बाई केव्हा व काय जेवते?