दाताचे डॉक्टर निवृत्त होतात तेव्हा

आमच्या तालुक्याच्या गावातील सर्वांत जुने दाताचे डॉक्टर या दिवाळीनंतर निवृत्त झाले. दवाखाना त्यांनी एका तरुण जोडप्याकडे सोपविला आहे. दोघेही दंतवैद्यच आहेत, नवरा बी.डी.एस. आणि बायको दातांच्या मुळांच्या उपचारात एम.डी.एस. पाटी बदलली, रंगरंगोटी झाली, नवी खुर्ची आली. तेव्हापासून माझ्याकडे साध्या खोकल्यासाठी आलेला पेशंटसुद्धा उठता उठता विचारतो, "डॉक्टरसाहेब, आता दातासाठी कुणाकडं जावं?" एका आजोबांनी तर विचारले, "साहेबांनी दवाखाना विकला म्हणे. मग आम्हालाबी विकलं का काय त्यात?"

आजोबांनी हे हसत विचारले असले तरी प्रश्न रास्त आहे. विकली जाते ती खुर्ची, क्ष-किरण यंत्र, कॉम्प्रेसर, जागेचा करार आणि इतक्या वर्षांचा नावलौकिक. पेशंट विकला जात नाही. तो कुठेही जाऊ शकतो. दातांचा व्यवसाय कोणी करावा यासाठी १९४८ सालापासून आपल्याकडे कायदा आहे आणि नोंदणी झालेल्या दंतवैद्यालाच तोंडात हात घालण्याचा अधिकार आहे. तेव्हा नव्या माणसाची पदवी आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का, एवढे जरूर पाहावे. माझे स्वतःचे मत असे की जुने डॉक्टर बसत नसतील तर त्यांचे नाव पाटीवर ठेवू नये. आमच्याकडे ते उतरविले आहे, ही चांगली गोष्ट झाली.

पण खरा प्रश्न पाटीचा किंवा खुर्चीचा नाही. जुन्या डॉक्टरांना आपल्या तोंडाविषयी जे माहीत होते, ते नव्या डॉक्टरांपर्यंत पोहोचते की नाही, हा आहे. दाताचा डॉक्टर एकाच माणसाचे तोंड वर्षानुवर्षे बघत असतो. कोणता डाग दहा वर्षांपासून जसाच्या तसा आहे, कोणती दाढ गेल्या वर्षीपासून हलू लागली, कोणाला भुलीच्या इंजेक्शननंतर घेरी येते, कोणाचे रक्त लवकर थांबत नाही, यातले निम्मेच कागदावर असते. बाकीचे त्याच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर घरी जाते.

आमच्या या डॉक्टरांनी ही गोष्ट ओळखली होती. आठवड्यातून तीन सकाळी ते अजूनही नव्या जोडप्याशेजारी स्टूल घेऊन बसतात. पण त्यांनी सर्वांत महत्त्वाचे काम केले ते लोखंडी कपाटातील कार्डे चाळण्याचे. त्यातून त्यांनी काही कार्डे वेगळी काढली, त्यांच्या कोपऱ्यावर लाल शाईने खूण केली आणि त्यांची नावे एका शंभर पानी वहीत उतरविली. ही कार्डे दात दुखणाऱ्यांची नव्हती. ज्यांच्या तोंडात पांढरा चट्टा आहे, ज्यांचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले आहे, ज्यांना दर तीन महिन्यांनी नुसते बघायला बोलाविले जात होते, अशांची होती.

हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्या भागात तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा आणि मशेरी यांचे प्रमाण काय आहे ते मी सांगायला नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ सालापासून बंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. घरातल्या बायका मशेरीला तंबाखू समजतच नाहीत. "तंबाखू खाता का?" असे विचारले की "नाही बाई" म्हणतात, "दात कशाने घासता?" असे विचारले की मग डबी निघते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आणि नुसती सुपारीही निर्धोक नाही. सुपारी स्वतःच कर्करोग करते, हे आता सिद्ध झाले आहे.

या सवयींनी तोंडात दोन प्रकारचे बदल होतात. एक म्हणजे गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा तंबाखू धरतो त्या जागी पांढरा चट्टा येतो. तो पुसून जात नाही आणि दुखतही नाही. दुसरा बदल मुख्यतः सुपारी आणि गुटख्याने होतो. गालाचे आतले अस्तर ताठ होत जाते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे कमी होते. घरी तपासायचे असेल तर स्वतःची तीन बोटे एकमेकांवर ठेवून उभी समोरच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा. हे दोन्ही बदल म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. बहुतेकांना पुढे काही होतही नाही. पण काहींना होते आणि कोणाला होईल हे नुसते एकदा बघून सांगता येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा बघावे लागते. चट्टा वाढला का, जाड झाला का, त्यात लाल भाग दिसू लागला का, हे मागच्या वेळच्या नोंदीशी ताडून पाहावे लागते. लाल चट्टा तर पांढऱ्यापेक्षाही अधिक संशयास्पद समजावा.

आता विचार करा. अशा माणसाचा डॉक्टर बदलला तर काय होते? जुन्या डॉक्टरांनी त्याला सांगितलेले असते, "आत्ता काळजीचं कारण नाही, तीन महिन्यांनी दाखवा." पेशंटच्या लक्षात पहिले अर्धे वाक्य राहते. दवाखाना बदलला, नवी माणसे आली, आपल्याला कुठे दुखतेय, मग कशाला जायचे, असे म्हणून तो येणे सोडून देतो. आणि समजा गेलाच, तर नवे डॉक्टर तो चट्टा पहिल्यांदाच बघत असतात. दोन वर्षांपूर्वी तो तांदळाच्या दाण्याएवढा होता की रुपयाएवढा, हे त्यांना कसे कळणार? आमच्या डॉक्टरांना कार्डावर तोंडाची आकृती काढून चट्टा कुठे आहे आणि किती मिलिमीटरचा आहे हे लिहून ठेवायची सवय होती. त्या काळी फोटो कोण काढणार? आता नव्या डॉक्टरीणबाई मोबाइलवर नव्हे, दवाखान्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढून कार्डाच्या क्रमांकाने साठवितात. जुनी आकृती आणि नवा फोटो शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

तपासणीसाठी तुकडा काढायचा म्हटले की माणसे पळतात. "चाकू लागला की पसरतो," हा समज घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात, त्याने रोग पसरत नाही. न काढल्याने मात्र महिने वाया जातात. आपल्या बीड जिल्ह्यातील लोकांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्यावरील उपचार येतात. तेव्हा खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवलीच पाहिजे, मग डॉक्टर जुना असो की नवा.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळतो. ती माझ्या कानावर रोज येते. "साहेबांनी वीस वर्षांत कधी सांगितलं नाही, या पोरांनी एका दिवसात चार दात किडले म्हणून सांगितलं." म्हणजे नवे डॉक्टर पैसे उकळतात, असा अर्थ लगेच काढला जातो. तसे असेलच असे नाही, नसेलच असेही मी म्हणत नाही. दाताच्या वरच्या कठीण थरातली सुरुवातीची कीड लगेच कोरून भरावी लागत नाही. गोड कमी केले, फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन वेळा घासले, तर ती तिथेच थांबू शकते. जुन्या डॉक्टरांना ठाऊक असते की हा काळा डाग दहा वर्षांत हललेला नाही. नव्यांना ते ठाऊक नसते, म्हणून ते भरून टाकू म्हणतात. उलट बाजूही आहे. वीस वर्षे एकच तोंड बघितले की डोळ्यालाही सवय होते. दोन दाढांच्या फटीतली कीड नुसत्या डोळ्याला दिसत नाही, ती नव्या यंत्राच्या क्ष-किरणात दिसते. तेव्हा भांडायला न जाता सरळ विचारावे: "हे आज केले नाही तर काय होईल? सहा महिने थांबून पुन्हा बघितले तर चालेल का? क्ष-किरणात मला दाखवाल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो त्याच्याबद्दल दुसऱ्याचे मत घ्यावे. चांदी-पाऱ्याची जुनी काळी फिलिंग घट्ट बसलेली असेल, खाली कीड नसेल, तर केवळ काळी दिसते म्हणून उकरून काढण्याची गरज नसते.

फीबद्दलही दोन शब्द. जुने डॉक्टर उधारीवर दात काढत आणि ज्वारी घरी आल्यावर लोक पैसे देत. त्यांचे कर्ज केव्हाच फिटले होते. या जोडप्याने यंत्रांसाठी बँकेचे कर्ज घेतले आहे. त्यांचा हप्ता तुमच्या दातांतून निघावा असे मी म्हणणार नाही, पण १९९५ च्या भावात २०२० नंतरचे काम मागणारेही आपल्यातच आहेत. वाजवी फी द्यायची नसेल तर शिकलेली पोरे तालुक्याला येणार नाहीत, मग बसा एस.टी.ने संभाजीनगरच्या वाऱ्या करत.

तुमचे जुने डॉक्टर निवृत्त होत असतील तर ते गावात आहेत तोवर एकदा जाऊन आपले कागद मागून घ्या. क्ष-किरण, कोणत्या दाताला काय केले त्याची नोंद, इम्प्लांट बसविले असेल तर त्याची कंपनी आणि माप. हे माप नसेल तर दहा वर्षांनी त्याचा एक स्क्रू ढिला झाला की नव्या डॉक्टरला जुळणारे हत्यार सापडत नाही. कागद मागणे हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला? आणि एक प्रत घरी ठेवावी. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ साली चिपळूणला पूर आला, तेव्हा घराघरांतली आणि दुकानादवाखान्यांतली कागदपत्रे चिखलात गेली. मोबाइलमध्ये फोटो काढून मुलाला पाठवून ठेवला तरी पुरे. अर्धवट राहिलेले रूट कॅनाल असेल तर ते कोण पूर्ण करणार आणि आगाऊ दिलेल्या पैशांचे काय, हे लिहून घ्यावे. वर तात्पुरते सिमेंट भरलेला दात महिनोन् महिने तसाच ठेवला की ते निघून जाते आणि आत पुन्हा पू होतो.

नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायच्या गोष्टी मात्र पेशंटनेच सांगितल्या पाहिजेत. जुने डॉक्टर दाढ काढण्याआधी मला फोन करून विचारत, "यांची साखर किती आहे? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" नव्यांना तुम्ही माझे पेशंट आहात हेच ठाऊक नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची कृत्रिम झडप, पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपण हे सांगाच. हाडे ठिसूळ झाल्यावर आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन देतात, तेही सांगा, कारण अशा औषधांनंतर दात काढला तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन यांसारख्या गोळ्या दात काढायचा म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. हिरडीतून चार थेंब रक्त जास्त आले तर ते थांबविता येते. गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गाठ अडकली तर ते अवघड. मधुमेह्यांनी तर हिरड्यांकडे दुर्लक्ष करूच नये. साखर वाढली की हिरड्या सुजतात आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येत नाही. घरातल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, नावे पाठ करायची गरज नाही.

पुन्हा त्या शंभर पानी वहीकडे येतो. नावे नव्या डॉक्टरांना द्यायच्या आधी जुन्या डॉक्टरांनी प्रत्येकाला विचारले. हेही महत्त्वाचे आहे, कारण तोंडातला चट्टा ही गावभर सांगायची गोष्ट नव्हे. बहुतेक जण येऊन गेले. एकाचा तुकडा तपासायला अंबाजोगाईला पाठविला आहे. काही जणांपर्यंत निरोपच गेला नाही. फोन लागत नाही आणि घराला कुलूप, कारण दसरा झाल्यावर ही माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे ऊसतोडीला गेली आहेत. कारखान्यांचा पट्टा पडला की ती परत येतील. तोवर तंबाखू चालूच राहणार, पहाटे थंडीत उसाच्या फडात दुसरे काय असते? नव्या डॉक्टरीणबाईंनी त्या नावांपुढे मार्च असे लिहून ठेवले आहे आणि मुकादमाचा नंबर मिळतो का, ते त्या शोधत आहेत. वाचकांपैकी कोणाच्या घरचे कोणी असे फडावर असेल, आणि त्याला जुन्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी यायला सांगितले असेल, तर त्याला फोनवर एवढे कळवावे की दवाखाना त्याच जागी आहे, कार्डही तिथेच आहे आणि रविवार सोडून रोज सकाळी दहा ते एक तपासणी होते.