मदतीच्या पायऱ्या आणि ऊसतोडीचा हंगाम

चौथीच्या वर्गात बसलेल्या, पण दुसरीच्या पुस्तकातील परिच्छेद वाचता न येणाऱ्या मुलाचे काय करावे, या प्रश्नाला शाळांनी पूर्वापार दोनच उत्तरे दिली आहेत: त्याला त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसवणे, किंवा काही न शिकवता पुढच्या वर्गात ढकलणे. या दोन्हींत मुलाची इयत्ता तेवढी ठरते, त्याला मिळणाऱ्या शिकवण्यात बदल होत नाही. गेल्या काही दशकांत शिक्षणशास्त्रात रुजलेली टप्प्यांनी मदत करण्याची पद्धत नेमका हा बदल सुचवते. तिच्यात पहिली पायरी म्हणजे सर्व मुलांना वर्गात मिळणारे चांगले अध्यापन, दुसरी म्हणजे त्यानंतरही मागे राहिलेल्या मुलांना लहान गटात ठरावीक काळ दिलेला जादा सराव, आणि तिसरी म्हणजे एवढ्यानेही प्रगती न झालेल्या मोजक्या मुलांसाठी एकेकट्याने आखलेली सखोल मदत होय. साधारण पाचातील चार मुलांना पहिली पायरी पुरते आणि तिसरी पायरी शंभरातील पाचेक मुलांनाच लागते, असा ढोबळ हिशेब अभ्यासक मांडतात. म्हणून ज्या वर्गातील निम्म्या मुलांना वाचता येत नाही, तेथे दोष मुलांत शोधण्याआधी पहिली पायरीच तपासावी लागते.

या पद्धतीला अमेरिकेत २००४ च्या अपंग विद्यार्थ्यांविषयीच्या कायद्याने बळ दिले. त्यापूर्वी अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारा मूलगामी अडथळा, ओळखण्यासाठी बुद्ध्यंक आणि परीक्षेतील गुण यांतील तफावत पाहिली जाई, आणि ती तफावत पुरेशी रुंदावेपर्यंत मूल दोन-तीन वर्षे नापास होत राही. नव्या कायद्याने मदत आधी देऊन तिला मूल कसा प्रतिसाद देते हे पाहण्याची मुभा दिली, आणि त्याचबरोबर एक महत्त्वाची अट कायम राखली, ती अशी की मुलाला योग्य शिकवणेच मिळाले नसेल, तर केवळ त्या कारणाने त्याला अक्षम ठरवता येणार नाही. महाराष्ट्रातील ज्या धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे मुलांसह ऊसतोडीला जातात, त्याच्या दृष्टीने ही अट सर्वांत मोलाची आहे.

भारतीय कायद्यातही या विचाराचे बीज आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्याच्याही आधी, २००१ ते २००३ या काळात, मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमात तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून स्थानिक तरुणी अक्षरओळख आणि अंकज्ञान शिकवत असत. पुढे नोबेल पारितोषिक मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या उपक्रमाचे मोजमाप केले, तेव्हा सर्वांत मागच्या मुलांना सर्वाधिक लाभ झाल्याचे दिसले. मात्र उपक्रम संपल्यावर एका वर्षात त्या लाभाचा बराच भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले. दुसरी पायरी चांगली असली तरी पहिली कच्ची राहिली तर काय होते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने पायाभूत चाचणी आणि स्तरनिहाय अध्यापन हे शब्द जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत पोचवले, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान हे प्राथमिक शाळेचे पहिले उद्दिष्ट ठरवले. स्तरनिहाय अध्यापनात इयत्ता क्षणभर बाजूला ठेवून मूल अक्षर, शब्द, परिच्छेद किंवा गोष्ट यांपैकी कोणत्या पातळीवर वाचते ते पाहिले जाते. मराठीत बहुतेक मुले सुटी मुळाक्षरे ओळखूनही काना, मात्रा, वेलांटी लागताच अडखळतात आणि जोडाक्षरांपाशी थांबतात, त्यामुळे ‘वाचता येत नाही’ ही नोंद निरुपयोगी असते. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा गोंधळ होतो, की ‘क्ष’, ‘त्र’ अशी अक्षरे ओळखू येत नाहीत, हे लिहिले तरच पुढच्या तीन आठवड्यांचा सराव आखता येतो. गणितातही हातच्याची वजाबाकी चुकणाऱ्या मुलाची अडचण बऱ्याचदा दशक-एककाच्या कल्पनेत असते, वजाबाकीच्या रीतीत नसते. धाराशिवमधील अनेक वस्तीशाळांत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात आणि मुले तशीही एकत्रच बसतात, त्यामुळे पातळीप्रमाणे गट करणे तेथे मोठ्या शाळांपेक्षा सोपे जावे.

तथापि या जिल्ह्यातील मुलांचे मागे पडणे समजून घेण्यासाठी वर्गाबाहेर पाहावे लागते. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या या अवर्षणप्रवण जिल्ह्यातून, विशेषतः भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाचे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते, आणि मोठ्या मुली तर कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, धाकटी भावंडे सांभाळतात. अशी चार वर्षे गेलेले मूल पाचवीत अडखळत वाचते तेव्हा ते ‘ढ’ नसते आणि बहुधा अक्षमही नसते. त्याला पहिली पायरीच निम्मी मिळालेली असते. मुलांना गावात ठेवणारी हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलाची माहिती नव्या शाळेला देणारे शिक्षण हमी पत्रक ही म्हणूनच केवळ कल्याणाची कामे नसून पहिल्या पायरीचा भाग आहेत, आणि त्या पत्रकावर मुलाची वाचनाची नेमकी पातळी लिहिली गेली तर दुसऱ्या शाळेतील शिक्षकाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. हाच न्याय भाषेलाही लागू पडतो, कारण तुळजापूर-उमरगा भागातील बंजारा तांड्यांवरून येणारे मूल घरी गोरबोली आणि सीमेलगतच्या गावांतील मूल कानडी बोलते, आणि पहिलीच्या पुस्तकातील मराठी त्याला शाळेतच प्रथम भेटते.

वर्तनाच्या बाबतीतही याच तीन पायऱ्या वापरल्या जातात. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी ही मांडणी विशेष विकसित केली. पहिल्या पायरीवर शाळा आपल्या अपेक्षा परिपाठापासून स्पष्टपणे शिकवते आणि त्या पाळणाऱ्या मुलाची आवर्जून दखल घेते. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील ५०० शाळांत सुरू केलेला आणि नंतर राज्यात पसरलेला मूल्यवर्धन कार्यक्रम जोडी-गटातील कामांतून हेच साधू पाहतो. दुसऱ्या पायरीवर मुलाला रोज सकाळी एक ठरावीक शिक्षक भेटतो, दिवसाची एक-दोन छोटी उद्दिष्टे ठरवतो आणि सायंकाळी त्यांचा आढावा घेतो. तिसऱ्या पायरीवर गैरवर्तनाआधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यातून त्याला काय मिळाले, याची नोंद काही दिवस ठेवली जाते. प्रकट वाचनाची पाळी जवळ येताच शेजाऱ्याला मारणारा मुलगा वर्गाबाहेर काढला जातो, तेव्हा वाचनातून सुटका हेच त्याला हवे असलेले फळ मिळते आणि शिक्षेमुळे खोडी अधिक पक्की होते. त्याच्या वर्तनावरचा उपाय वाचनाच्या गटात असतो, आणि म्हणून अभ्यास व वर्तन यांच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत ठेवू नयेत. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास २००९ च्या कायद्याचे कलम १७ मनाई करते. पण छडी काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हाती दुसरे काय द्यायचे, याचे उत्तर या पायऱ्यांतच सापडते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २१ प्रकारांच्या यादीत स्थान दिले आहे आणि अशा मुलाला तिसऱ्या पायरीचा पूर्ण अधिकार आहे. परंतु समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाला अनेक शाळांत फिरावे लागत असल्याने त्याचा वेळ अनुपस्थितीमुळे मागे पडलेल्या मुलांच्या तपासणीत खर्ची पडणे परवडणारे नाही. दुसऱ्या पायरीचे काम नियमित शिक्षकानेच करायचे, तर त्याला वेळापत्रकात राखीव तास हवा. २०१२-१३ मध्ये हरियाणातील सरकारी शाळांत असा स्वतंत्र तास दिला आणि पर्यवेक्षक वर्गात येऊन प्रत्यक्ष साहाय्य करू लागले तेव्हाच शिक्षकांनी स्तरनिहाय अध्यापन खऱ्या अर्थाने केले, तर नुसत्या प्रशिक्षणाने इतरत्र विशेष फरक पडला नव्हता. धाराशिवमध्ये वर्गात जाऊन असे साहाय्य करण्याचे काम केंद्रप्रमुखांचे आहे, आणि या साऱ्या मदतीचे वेळापत्रकही ऊसतोडीकडे पाहूनच ठरले पाहिजे. सर्व मुले गावात असतात ती जूनपासून दसऱ्यापर्यंत. तेव्हा पातळीची तपासणी शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच व्हावी, लहान गटांचे तास जुलैपासून रोज चालावेत, आणि कोणत्या मुलाला तिसऱ्या पायरीकडे पाठवायचे हे कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी ठरलेले असावे.