सांत्वनाचे मौन

माझ्या एका ख्रिस्ती सहकारी प्राध्यापकांचा तरुण मुलगा अकस्मात गेला. भेटीस गेलो आणि बसताच म्हणालो, ‘परमेश्वराची इच्छा!’ ते काहीच बोलले नाहीत. प्रत्येक घटनेचे कारण सांगण्याची अध्यापकी सवय शोकाच्या घरीही सुटत नाही, हे परतताना जाणवले.

पुढे त्यांनीच बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथाकडे माझे लक्ष वेधले. मुले, संपत्ती व आरोग्य गमावलेल्या ईयोबाकडे अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आले. ७ दिवस व ७ रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. ईयोबाने आक्रोश करताच मात्र त्यांनी पाप आणि शिक्षा यांचा हिशेब मांडला. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप होतो तो या उपदेशकांवर!

योहानाच्या शुभवर्तमानात तर लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही, त्याची बहीण मरीया रडताना पाहून येशू स्वतः रडला. म्हणजे पुनरुत्थानावरील श्रद्धा अश्रूंना मनाई करीत नाही. श्रद्धा सोडावी असे नव्हे. परंतु दुःखिताने विचारल्यावाचून तिचे उत्तर त्याच्यावर लादू नये.

गेल्या रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. ते मुलाविषयी बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. निघताना ते एवढेच म्हणाले, ‘येत जा.’